फळझाडांचे ऋतुवर्णन : इंग्रजी वाक्प्रयोगांचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीस इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

१. पाठाचा हेतू

मराठी माध्यमाच्या शाळांत इ. स. २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाते. त्यामुळे पाचवीच्या वर्गात येणाऱ्या मुलास फळांची इंग्रजी नावे बहुधा पाठ असतात. ‘मँगो’, ‘गुआव्हा’, ‘जॅकफ्रूट’ ही नावे तो न अडखळता म्हणतो. परंतु ‘आंब्याला मोहोर आला’, ‘कैऱ्या धरल्या’, ‘मोहोर गळून गेला’ ही रोजच्या व्यवहारातील वाक्ये त्यास इंग्रजीत सांगावयास लावली, तर तो थबकतो. त्यास झाडाचे नाव येते. त्या झाडाचे वर्षभरात काय होते, हे मात्र सांगता येत नाही. केवळ नामांच्या पाठांतराने भाषा येत नाही. नामास योग्य ते क्रियापद जोडता आले म्हणजे बोलणे सुरू होते.

ही उणीव भरून काढण्यास फळझाडाइतके सोईचे साधन दुसरे नाही. ते शाळेच्या आवारात किंवा वाटेवर उभे असते, त्यासाठी खर्च करावा लागत नाही, आणि त्याचे रूप दर महिन्यास पालटत असल्यामुळे वर्षभर बोलण्यास नवा विषय मिळत राहतो. या पाठाचा हेतू दुहेरी आहे. फळझाडांच्या स्थित्यंतरांचे इंग्रजी वाक्प्रयोग मुलांस यावेत, हा पहिला. आणि ते शिकताना त्याच स्थित्यंतरांचे मराठी शब्द त्यांनी विसरू नयेत, हा दुसरा. दुसरा हेतू पहिल्याहून कमी महत्त्वाचा मानू नये.

छपाईच्या सोईसाठी येथे इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती रोमन लिपीतच लिहावीत.

२. शिरवणे गावाचे उदाहरण

दुसऱ्या हेतूचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी शिरवणे या गावाकडे पाहावे. ठाणे खाडी आणि तिच्या पूर्वेकडील डोंगररांग यांमधील पट्ट्यातले हे पूर्वीचे एक खेडे. या पट्ट्यातील लोकांचा निर्वाह भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर होत असे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. १ जानेवारी १९९२ पासून या शहराच्या बऱ्याच मोठ्या भागाचा कारभार नवी मुंबई महानगरपालिकेकडे आला. आज शिरवणे हे नेरूळ व जुईनगर यांच्या वसाहतींनी वेढलेले गावठाण आहे.

या गावापासून थोड्याच अंतरावर, तुर्भे येथे, मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचा फळबाजार आहे. मार्च ते मे या महिन्यांत रत्नागिरी, देवगड आणि इतर ठिकाणांहून हापूसच्या पेट्या तेथे मोठ्या संख्येने येतात. म्हणजे गावठाणातील मुलास आंबा पेटीतून बाहेर निघताना दिसतो. तो मोहोरापासून वाढताना दिसेलच असे नाही. त्याच्या आजीच्या बोलण्यात मोहोर, कैरी, पाड, आढी हे शब्द सहज येतात. नातवाच्या बोलण्यात ते येण्याचे प्रसंग उरलेले नाहीत. इंग्रजी पुस्तकातून तो ‘ॲपल’ शिकतो, आणि सफरचंदाचे झाडही त्याने पाहिलेले नसते. अशा रीतीने दोन्ही भाषांतील शब्द त्याच्यापुढे येतात ते झाडावाचून. जे शिरवण्यास झाले ते शहराच्या वाटेवरील आपल्या जिल्ह्यातील आणखी अनेक गावांस होत आहे. म्हणून जेथे झाडे अद्याप उभी आहेत, तेथील शिक्षकांनी हा पाठ झाडाखाली घ्यावा. आणि जेथे एकच झाड उरले आहे, तेथे त्या एका झाडावर वर्षभराचे पाठ घ्यावेत.

३. मुख्य अडचण : झाडाला की झाड?

मुलांच्या इंग्रजी वाक्यांत चुका का होतात, याचे मूळ मराठी वाक्यरचनेत आहे. आपण म्हणतो : झाडाला पालवी फुटली, झाडाला मोहोर आला, झाडाला फळे लागली, आंब्याला पाड लागला. या सर्व वाक्यांत झाडास ‘ला’ हा प्रत्यय लागतो, आणि कर्ता असतो पालवी, मोहोर, फळे किंवा पाड. जणू मोहोर हा पाहुणा असून तो झाडाकडे येतो.

इंग्रजीत याच्या उलट रीत आहे. तेथे झाड स्वतःच कर्ता होते आणि सर्व व्यापार झाडाचा मानला जातो :

झाडाला नवी पालवी फुटली – ‘द ट्री हॅज पुट आउट न्यू लीव्ह्ज.’
झाडाला मोहोर आला – ‘द ट्री हॅज कम इंटू ब्लॉसम.’
झाडाला फळे लागतात – ‘द ट्री बेअर्स फ्रूट.’
झाडाची पाने गळतात – ‘द ट्री शेड्स इट्स लीव्ह्ज.’

‘टू द मँगो ट्री ब्लॉसम केम’ असे वाक्य एखादा मुलगा करतो, तेव्हा तो निष्काळजी नसतो. तो मराठीच्या नियमाने बरोबर विचार करीत असतो. त्यास रागावण्याऐवजी फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहावीत, दोहोंतील कर्त्याखाली रेघ ओढावी आणि ‘मराठीत कोण आले? इंग्रजीत कोणी काय केले?’ असे विचारावे. हा एक भेद समजला की पुढील निम्मे काम झाले.

४. चार पायऱ्यांचा जिना

सुरुवातीस मुलांना चार लहान वाक्प्रयोग द्यावेत : ‘इन लीफ’, ‘इन बड’, ‘इन ब्लॉसम’, ‘इन फ्रूट’. यांचा अर्थ अनुक्रमे पानांनी भरलेले, कळ्या आलेले, फुललेले व फळांवर आलेले असा होतो. या वाक्प्रयोगांत ‘अ’ किंवा ‘द’ हे उपपद येत नाही आणि नाम एकवचनी राहते, हे आवर्जून सांगावे. ‘इन लीव्ह्ज’ किंवा ‘इन द फ्रूट’ असे म्हणू नये. अवस्था पूर्णत्वास पोचली असेल तर मध्ये ‘फुल’ हा शब्द घालतात : ‘इन फुल लीफ’, ‘इन फुल ब्लॉसम’.

ज्या अवस्थेत झाड आहे ती सांगताना ‘इज’ वापरावे. त्या अवस्थेत ते नुकतेच आले असेल तर ‘हॅज कम इंटू’ वापरावे. ‘द मँगो ट्री इज इन ब्लॉसम’ म्हणजे आंबा मोहोरलेला आहे. ‘द मँगो ट्री हॅज कम इंटू ब्लॉसम’ म्हणजे आंबा मोहोरावर आला.

५. आंब्याचे वर्ष

आपले शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि आंब्याचा हंगामही त्याच सुमारास संपतो. त्यामुळे झाडाचे वर्ष व शाळेचे वर्ष बरोबरीने चालतात. महिन्यांचा पुढील क्रम कोकणपट्टीस धरून दिला आहे. हवामानाप्रमाणे तो थोडा मागेपुढे होतो, हे मुलांना सांगावे.

जून. ‘द रेन्स हॅव कम. द मँगो सीझन इज ओव्हर.’ खाऊन टाकलेल्या कोयी परसात रुजतात. ‘द मँगो स्टोन हॅज स्प्राउटेड’, म्हणजे कोयीस कोंब फुटला. आंब्याच्या कोयीस किंवा बाठ्यास इंग्रजीत ‘स्टोन’ म्हणतात; पेरूच्या, चिकूच्या व सीताफळाच्या बियांस ‘सीड’. मुलांना हे नवल वाटते व लक्षात राहते.

जुलै ते सप्टेंबर. ‘द ट्री स्टँड्स इन फुल लीफ.’ या काळात आंबा स्वस्थ असतो. त्यास ‘एव्हरग्रीन’, म्हणजे सदाहरित, हे विशेषण शिकवावे. त्याची जुनी पाने गळतात, पण सर्व एकदम नव्हे. म्हणून तो कधी उघडा पडत नाही.

ऑक्टोबर व नोव्हेंबर. पाऊस ओसरला की पालवीस जोर येतो. ‘द ट्री हॅज पुट आउट न्यू लीव्ह्ज. द यंग लीव्ह्ज आर कॉपर-रेड. सून दे विल टर्न ग्रीन.’ रंग पालटणे यास ‘टर्न’ हे क्रियापद आहे. पुढे फळाचा रंग पालटतो तेव्हाही हेच उपयोगी पडते. एका वेळी सबंध झाडास येणाऱ्या अशा पालवीस इंग्रजीत ‘फ्लश’ म्हणतात.

डिसेंबर व जानेवारी. ‘द मँगो ट्री इज इन ब्लॉसम. द एअर इज स्वीट विथ इट.’ आभाळ आले की बागाईतदार चिंतेत पडतात. कारण ढगाळ व दमट हवेत तुडतुडे आणि भुरी यांचा उपद्रव वाढतो. ‘क्लाउडी वेदर हॅज स्पॉइल्ट द ब्लॉसम’ हे वाक्य येथे द्यावे. ज्याच्या घरी बाग आहे त्या मुलास या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

जानेवारी व फेब्रुवारी. मोहोरातून फळ धरते. ‘द फ्रूट हॅज सेट.’ येथे ‘सेट’ म्हणजे धरणे, हा अर्थ मुलांस नवा असतो. मोहोराच्या मानाने धरणारी फळे फारच थोडी, आणि धरलेल्यांतीलही पुष्कळशी गळतात : ‘मच ऑफ द यंग फ्रूट हॅज ड्रॉप्ड.’ आपले बागाईतदार वाढत्या फळाच्या अवस्था वाटाणा, गोटी, सुपारी, अंडे अशा शब्दांनी मोजतात. फळबागांच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘पी साइझ’, ‘मार्बल साइझ’, ‘एग साइझ’ असेच शब्द आहेत. दोन्ही भाषांतील माणसांनी मापासाठी हाताशी असलेलीच वस्तू घेतली, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

मार्च व एप्रिल. ‘द ट्री इज लेडन विथ फ्रूट. द बाउज हँग लो.’ ‘बाउ’ म्हणजे मोठी फांदी. लहान डहाळीस ‘ट्विग’ म्हणतात. चैत्रात गुढीस आंब्याची डहाळी बांधतात आणि घरोघरी कैरीची डाळ व पन्हे होते. त्या निमित्ताने ‘ग्रीन मँगो’ म्हणजे कैरी, हे सांगावे. येथे ‘ग्रीन’ शब्दाचा अर्थ हिरवा इतकाच नसून कच्चा असाही आहे.

एप्रिलअखेर व मे. ‘द मँगोज आर मॅच्युअर. दे आर पिक्ड अँड लेड इन स्ट्रॉ टू रायपन.’ फळबाजारात पेट्यांची रीघ लागते : ‘मँगोज आर इन सीझन. द सीझन इज अॅट इट्स हाइट.’ दक्षिणेत व कोकणात या दिवसांत येणाऱ्या वळवाच्या सरींस इंग्रजीत ‘मँगो शॉवर्स’ असे गोड नाव आहे.

आंबे पिकतात तेव्हा शाळेस सुट्टी असते. ही गैरसोय नसून सोय आहे. मार्चमध्ये मुलांनी ‘द मँगोज विल बी राइप इन मे’ असे म्हणावे, आणि जूनमध्ये परतल्यावर ‘द मँगोज वेअर राइप इन मे’ असे. एकाच झाडावर वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ शिकविता येतात, आणि काळाचा अर्थही व्याकरणाच्या तक्त्याहून अधिक स्पष्ट होतो.

कलमी हापूस बहुधा एक वर्षाआड भरघोस फळतो. यास ‘ऑल्टरनेट बेअरिंग’ म्हणतात. भरघोस फळण्याचे वर्ष ते ‘ऑन इयर’ आणि दुसरे ‘ऑफ इयर’. वरच्या वर्गास हे अवश्य सांगावे. हापूस व नीलम यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही कोकणातील जात दर वर्षी फळते, हेही त्यासोबत सांगता येईल.

६. इतर झाडे

आंबा स्वस्थ असतो तेव्हा दुसरी झाडे बोलावयास लागतात. जूनमध्ये जांभळांचा सडा पडतो : ‘द ग्राउंड अंडर द जामून ट्री इज पर्पल विथ फॉलन फ्रूट.’ पावसाच्या सुरुवातीस चिंच फुलते आणि तिच्या शेंगा माघ-फाल्गुनात पिकू लागतात. शेंगेस ‘पॉड’ म्हणावे. बोर पावसाळा सरताना फुलते. तुळशीच्या लग्नापासून बोरे दिसू लागतात आणि संक्रांतीच्या बोरन्हाणापर्यंत पुष्कळ होतात. आवळाही त्याच दिवसांत तयार होतो. फणसाचे फळ फांद्यांबरोबर बुंध्यासही लागते : ‘द जॅकफ्रूट ग्रोज स्ट्रेट फ्रॉम द ट्रंक.’ उत्तरेकडे डहाणू-घोलवडच्या चिकूबागांत फळांचा हंगाम असा एकच नाही : ‘द चिकू बेअर्स ऑलमोस्ट ऑल द इयर राउंड.’

पेरू, डाळिंब व संत्रे यांच्या बहरांविषयी एक लक्षणीय गोष्ट सांगावी. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतील आंबे बहर, जून-जुलैतील मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातील हस्त बहर असे तीन बहर मानतात. फळबागांच्या भारतीय इंग्रजी पुस्तकांनी यांस पर्यायी शब्द न शोधता ‘बहार’ हाच शब्द उचलला. ‘मँगो’ व ‘जॅकफ्रूट’ ही नावेही दक्षिण भारतातील भाषांतून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेली. ‘टॅमरिंड’चे मूळ अरबी असून त्याचा अर्थ हिंदचा खजूर असा आहे. आपला ‘हापूस’ मात्र पोर्तुगीज ‘अफोन्सो’ या नावापासून घडला. शब्दांची अशी देवघेव सदैव चालते. इंग्रजी ही परक्या घरची वस्तू आहे, असे भय मुलास वाटत असेल तर या माहितीने ते कमी होईल.

७. ऋतूंच्या नावांचा घोटाळा

शब्दांच्या याद्यांत वसंत म्हणजे ‘स्प्रिंग’, शरद म्हणजे ‘ऑटम’, शिशिर म्हणजे ‘विंटर’ असे अर्थ दिलेले असतात. ते पाठ करून मूल लिहिते : ‘लीव्ह्ज फॉल इन ऑटम.’ इंग्लंडात हे खरे आहे. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळ होते, आणि अमेरिकेत तर त्या ऋतूचे नावच ‘फॉल’ असे आहे. परंतु आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि झाडे हिरवीगार असतात. आपली पानगळ मुख्यतः शिशिरात, माघ-फाल्गुनात होते. सीताफळ, आवळा, साग व पळस पाहिले म्हणजे हे दिसते.

इंग्लंडातील सफरचंद एप्रिल-मेमध्ये फुलते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवितात. आपला आंबा थंडीत फुलतो आणि उन्हाळ्यात पिकतो. डिसेंबरात तेथील सफरचंदाच्या फांद्यांवर एकही पान नसते, तेव्हा येथे आंबा मोहोरलेला असतो. म्हणून ऋतूचे नाव इंग्रजीत फिरविण्याच्या भानगडीत न पडता महिन्याचे नाव द्यावे : ‘इन डिसेंबर’, ‘इन मार्च’. पावसाळ्यास ‘द रेन्स’ किंवा ‘द मॉन्सून’ म्हणावे. मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खरे आणि पुस्तकात वाचलेले खोटे, किंवा याच्या उलट, असा पेच त्याच्यापुढे येऊ देऊ नये. दोन्ही खरी आहेत. देश वेगळे आहेत.

८. नेहमी चुकणाऱ्या जोड्या

(अ) ‘ऑन’ व ‘इन’. झाडावरचे फळ ‘ऑन द ट्री’, पण झाडावरचा पक्षी किंवा मुलगा ‘इन द ट्री’. मुले दोन्हीकडे ‘ऑन’ वापरतात. येथे मराठीच मदतीस येते. जे झाडाला लागते त्यास ‘ऑन’. जे बाहेरून येऊन झाडावर बसते किंवा चढते त्यास ‘इन’. ‘देअर आर मँगोज ऑन द ट्री अँड अ बॉय इन द ट्री.’ हे वाक्य एकदा ऐकले की मुले विसरत नाहीत.

(आ) ‘फ्लॉवर’ व ‘ब्लॉसम’. एक फूल ते ‘फ्लॉवर’. फळझाडास भरून येणारा फुलोरा तो ‘ब्लॉसम’, आणि तो बहुधा एकवचनी. मोहोर शब्दास हाच जवळचा आहे.

(इ) ‘मॅच्युअर’ व ‘राइप’. झाडावर पूर्ण वाढलेला, उतरविण्याजोगा, पण अद्याप कठीण असा आंबा ‘मॅच्युअर’. पिकून खाण्याजोगा झालेला तो ‘राइप’. बागाईतदार पहिल्यास ‘तयार’ म्हणतात आणि त्याचे माप आण्यांत सांगतात : चौदा आणे तयार झालेला हापूस काढावा, अशी रीत आहे. ‘राइप’ हे विशेषण असून ‘रायपन’ हे क्रियापद, हेही येथेच सांगावे.

(ई) ‘पिक’ व ‘ब्रेक’. ‘आंबे तोडले’ याचे ‘वुई ब्रोक द मँगोज’ असे भाषांतर होते. फळे काढणे यास ‘पिक’ म्हणावे. झेल्याने आंबे काढले हे सांगावयाचे तर ‘वुई पिक्ड द मँगोज विथ अ झेला’ असे खुशाल म्हणावे.

(उ) ‘बेअर’ व ‘बेअर’. देवनागरीत व उच्चारात हे दोन शब्द एकच दिसतात, पण स्पेलिंग भिन्न आहे. एकाचा अर्थ धारण करणे, दुसऱ्याचा उघडे किंवा निष्पर्ण. ‘द ट्री बेअर्स फ्रूट’ आणि ‘द ट्री इज बेअर’ ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. शुद्धलेखनास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

(ऊ) ‘विंडफॉल’. वाऱ्याने आपोआप पडलेल्या फळास हा शब्द आहे. ज्याने झाडावर दगड मारला नाही, ज्यास माळ्याचे बोलणे खावे लागले नाही, त्यास सकाळी झाडाखाली आंबा सापडावा, तसा अनपेक्षित लाभ, हा त्याचा दुसरा अर्थ. शब्दाचा लाक्षणिक अर्थ मूळ वस्तूतून कसा निघतो हे यावरून समजते.

(ए) ‘फॉल’ व ‘फेल’. हा भेद सर्वांत शेवटी, पण नीट वेळ देऊन शिकवावा. ‘फॉल’ म्हणजे पडणे; त्याचे भूतकाळी रूप ‘फेल’. परंतु ‘फेल’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ पाडणे, म्हणजे झाड तोडणे. त्याचे भूतकाळी रूप ‘फेल्ड’. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडले. ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडले. मराठीत पडणे-पाडणे यांत जो संबंध, तोच इंग्रजीत ‘फॉल-फेल’ यांत आहे. पहिले क्रियापद वाऱ्यापावसाचे, दुसरे माणसाचे. इ. स. १९६४ साली महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावात हाच ‘फेलिंग’ शब्द आहे. आणि ज्या जातींस तो लागू होतो त्यांच्या यादीत आंबा, फणस, चिंच व जांभूळ यांची नावे आहेत. शहरांसाठी १९७५ साली निराळा कायदा करण्यात आला. गावातले एखादे झाड उद्या नाहीसे झाले, तर ते पडले की पाडले, हे मुलास दोन्ही भाषांत अचूक सांगता आले पाहिजे.

९. ज्यांस इंग्रजीत एक शब्द नाही

सहावी-सातवीच्या मुलांसाठी एक तास राखून ठेवावा आणि पुढील शब्द इंग्रजीत कसे सांगता येतील, ते त्यांनाच शोधावयास लावावे.

पाड : झाडावर पहिले फळ पिकू लागणे. ‘द फर्स्ट फ्रूट हॅज बिगन टू रायपन ऑन द ट्री.’
आढी : आंबे पिकविण्यासाठी पेंढ्यात घातलेली रास. ‘मँगोज लेड इन राइस-स्ट्रॉ टू रायपन.’
गाभुळलेली चिंच : अर्धवट पिकलेली, टरफल सुटू लागलेली. ‘हाफ-राइप टॅमरिंड’ म्हणावे लागते, पण त्यातून आंबटगोड चव सांगितली जात नाही.
कापा व बरका : एकाचे गरे घट्ट, दुसऱ्याचे मऊ. ‘फर्म-फ्लेश्ड’ व ‘सॉफ्ट-फ्लेश्ड’ अशी विशेषणे जोडावी लागतात.

एका मराठी शब्दास इंग्रजीत सबंध वाक्य लागते, हे पाहून मुले हरखतात. त्यांच्या घरची भाषा उणी आहे, असे त्यांच्या मनात कोणी न सांगताही रुजलेले असते. हा एक तास ते काढून टाकू शकतो. उलट ‘विंडफॉल’, ‘फ्लश’ यांसारख्या शब्दांस आपल्याकडे एक शब्द सापडतो का, तेही विचारावे. म्हणजे कोणत्याही भाषेविषयी वृथा अभिमान किंवा वृथा संकोच राहणार नाही.

१०. पाठ घेण्याची रीत

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गास ठरलेल्या झाडाखाली न्यावे. दहा मिनिटे मुलांनी केवळ पाहावे. नंतर जे दिसले ते प्रथम मराठीत सांगावे. घरी आजीआजोबा त्यास काय म्हणतात, तेही विचारून आलेले असावे. बोलीतील शब्द आला तर तो अशुद्ध म्हणून टाकू नये. वहीत लिहून घ्यावा. यानंतर शिक्षकांनी इंग्रजी वाक्य म्हणावे, मुलांनी ते मोठ्याने तीनदा म्हणावे, आणि वर्गात परतल्यावर वहीत लिहावे. एका महिन्यास चार वाक्ये पुरेत. वर्षअखेर प्रत्येक मुलाजवळ सुमारे चाळीस वाक्यांची ‘झाडाची वही’ तयार होईल. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी आणि खाली झाडाचे चित्र असा तिचा आराखडा असावा.

जेथे झाड नाही तेथील शिक्षकांनी एक कोय जूनमध्ये कुंडीत लावून तिच्यावरच पाठ सुरू करावा. रोपास मोहोर येण्यास वर्षे लागतात. तोपर्यंत ‘स्प्राउट’, ‘सीडलिंग’, ‘पुट आउट लीव्ह्ज’ ही वाक्ये शिकविण्यास ते पुरेसे आहे.

११. स्वाध्याय

१) पुढील वाक्ये इंग्रजीत सांगा व दोन्ही भाषांतील कर्त्याखाली रेघ ओढा : (क) चिंचेला फुले आली. (ख) फणसाला फळे लागली. (ग) आंब्याचा मोहोर गळला.
२) ‘ऑन’ की ‘इन’? (क) झाडावर पोपट बसला आहे. (ख) झाडाला दहा कैऱ्या आहेत. (ग) झाडावर माळी चढला आहे.
३) आपल्या शाळेजवळील एका झाडाची जून, डिसेंबर व मार्च या महिन्यांतील स्थिती प्रत्येकी दोन इंग्रजी वाक्यांत लिहा.
४) ‘झाड पडले’ व ‘झाड पाडले’ यांतील भेद दोन्ही भाषांत सांगा.
५) घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून फळझाडांसंबंधीचे पाच शब्द मिळवा. त्यांतील ज्या शब्दांस इंग्रजीत एक शब्द मिळत नाही, त्यांचा अर्थ इंग्रजी वाक्यांत लिहा.

पाचवा स्वाध्याय सर्व वर्गांनी करावा. त्यातून जमलेले शब्द शिक्षकांनी एका वहीत उतरवून ती शाळेच्या संग्रहात ठेवावी. पुढील वर्षीच्या मुलांनी तीत भर घालावी.